जपानच्या समुद्रकाठी निवांतपणा हवाय? आधी मुक्काम ठरवा, बेट नंतर

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही, तुमचे यजमान आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई २७ एप्रिल ते ८ मे जपानला निघालात. टोकियो आणि क्योतो ठरलंय. मधले चार दिवस ‘गर्दी नसलेलं समुद्रकाठचं गाव किंवा बेट’ हवंय. मोबाइलवर पाहून यादी केलीय ती संग्रहालयांचं बेट नाओशिमा, कोळ्यांचं गाव इने आणि मांजरांचं आओशिमा. सासूबाई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि त्यांचे गुडघे कुरकुरतात. तुम्ही माहेरच्या मालवणच्या. यजमानांना मासे खायला तुम्हीच शिकवलेत. या तिन्हींपैकी कुठं जावं, असं विचारलंय.

मी सतरा वर्षं ओकायामात राहते. पोटापाण्यासाठी दुभाषाचं काम करते आणि वर्षातून चार-पाचदा महाराष्ट्रातून आलेल्या लहान गटांना सेतोच्या समुद्रातल्या बेटांवर घेऊन जाते. होन्शू, शिकोकू आणि क्युशू या जपानच्या मोठ्या बेटांच्या मधोमध अडकलेला हा समुद्र. खाली लिहिलंय ते बहुतेक याच पट्ट्यातलं. होक्काइदो किंवा ओकिनावाबद्दल मी बोलत नाही, तिथं मी स्वतःच पर्यटक असते.

सरळ उत्तर: तिन्ही नकोत, निदान या तारखांना नकोत. पण का, ते सांगते.

२०२३ साली जपाननं आपली बेटं नव्यानं मोजली तेव्हा आकडा १४,१२५ भरला. आधीचा आकडा ६,८५२ होता. समुद्रातून नवी बेटं वर आली नाहीत, नकाशे तेवढे बारीक झाले. माणसं राहतात अशी त्यात चारशेच्या आसपास. तेव्हा निवांत जागा हव्या तेवढ्या आहेत. नसतात त्या रात्रीच्या खोल्या, संध्याकाळचं जेवण आणि सकाळी नक्की सुटेलच अशी बोट. गावं रिकामी असतात ती याच कारणांनी. तुमच्या प्रश्नात हे तीन प्रश्न दडलेत, आणि त्यांची उत्तरं मिळाली की बेट जवळजवळ आपोआप ठरतं.

गर्दीचं एक वेळापत्रक असतं. नाओशिमावर सकाळी साडेनऊच्या बोटीनं माणसं उतरतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास धक्क्यावर परतीची रांग लागते. इनेमध्येही तेच. तिथं पाण्याला लागून दोनशे तीसच्या आसपास फुनाया आहेत, म्हणजे खाली होडी आणि वर माणसं अशी लाकडी घरं. दिवसा बसगाड्या येत राहतात, अरुंद रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी शेवटची बस गेली की ते गाव पुन्हा कोळ्यांचं होतं. म्हणून मी माझ्या लोकांना सांगते, गर्दीचं गाव आवडलं असेल तर तिथं राहा. फक्त दिवसापुरतं जाणार असाल तर मग अप्रसिद्ध गाव शोधा. प्रसिद्ध गावात दिवसा जाऊन रात्री शहरातल्या हॉटेलात परतणं, यात दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात पडतं. नाओशिमाबाबत आणखी एक खोच आहे. तिथली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि शेजारच्या तेशिमाचं मंगळवारी. त्यामुळं सोमवारी सगळी मंडळी तेशिमाला लोटतात. ‘सोमवारी जाऊ, शांत असेल’ असा हिशेब करणारे तिथं हमखास फसतात.

आता तुमच्या तारखा. २९ एप्रिल ते ५ मे हा इथला गोल्डन वीक. सुट्टी रविवारी आली तर ६ मेसुद्धा त्यात जातो. अख्खा जपान या आठवड्यात घराबाहेर पडतो, आणि एरवी रिकाम्या असणाऱ्या बेटांवरच्या पाच-सात मिन्शुकूंच्या, म्हणजे घरगुती मुक्कामांच्या, खोल्या दोन-तीन महिने आधी भरतात. शिवाय मुलं-नातवंडं गावी आलेली असतात, त्यामुळं कित्येक म्हाताऱ्या मालकिणी पाहुणेच घेत नाहीत. आपल्याकडे गणपतीत कोकणातल्या घरी परका पाहुणा नको वाटतो, तसंच. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर सगळा प्रवास दहा दिवस पुढं ढकला. ८ मे ते मेअखेर हा इथला सर्वांत चांगला काळ: हवा कोरडी, पाणी शांत, आणि जूनच्या सुरुवातीला लागणारा पावसाळा अजून लांब. तिकिटं काढून झाली असतील तर गोल्डन वीकमध्ये टोकियोतच राहा (शहरातली माणसंच बाहेर गेलेली असतात) आणि समुद्राकडे ५ मेला दुपारी निघा. त्या दिवशी सगळे घरी परतत असतात, तुम्ही उलट्या दिशेनं जाल. चार दिवसांचे तीन होतील, पण ते तुम्हाला हवे तसे होतील.

बोटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. सेतोचा समुद्र तिन्ही बाजूंनी जमिनीनं वेढलेला, त्यामुळं आपल्या अरबी समुद्रासारख्या लाटा इथं नसतात. नवख्यांना वाटतं, बोट बंद पडायचं कारणच काय? कारण धुकं. मार्च ते जून गार पाण्यावर उबदार हवा आली की पहाटे असं धुकं उतरतं की धक्क्यावरून बोटीचं टोक दिसत नाही. सुरुवातीच्या वर्षांत सहा जणांच्या एका गटाला मी शेवटची रात्र बेटावर ठेवलं, कारण ‘सूर्योदय बघू’ असा सगळ्यांचा हट्ट होता. सूर्य दिसलाच नाही. सकाळची बोट रद्द, नंतरचीही रद्द, दुपारी धुकं निवळलं तोवर ओसाकाहून संध्याकाळी सुटणारं विमान हातचं गेलं होतं. नियोजन माझं, चूक माझी, तिकिटांचा भुर्दंडही मी सोसला. तेव्हापासून नियम केलाय: विमानाच्या आदली रात्र मोठ्या भूमीवर, रेल्वेच्या वाटेवर. त्याला अपवाद नाही.

बोटवाल्यांशी हुज्जतही घालत नाही. ११ मे १९५५ रोजी शिकोकूवरच्या ताकामात्सुजवळ दाट धुक्यात ‘शिउन मारू’ ही रेल्वेची बोट दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. १६८ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं बरीच होती. त्या अपघातानंतर शिकोकूला जोडणाऱ्या पुलाची मागणी जोरात पुढं आली आणि १९८८ साली सेतो ओहाशी हा पूल खुला झाला. या भागातल्या जुन्या माणसांना ती तारीख पाठ आहे. बंदरावर ‘केक्को’ अशी पाटी दिसली की समजायचं, बोट रद्द. चहा प्यायला जायचं.

सासूबाईंसाठी यातून एक सोपा मार्ग निघतो: पुलानं जोडलेलं बेट, किंवा मोठ्या भूमीवरचंच जुनं बंदर. मला विचाराल तर तोमोनोउरा. हिरोशिमा प्रांतात, फुकुयामा स्टेशनवरून बसनं अर्धा तास. फुकुयामाला शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन थांबते, त्यामुळं ओसाकाहून येणं अगदी सोपं. या गावाचं सगळं शहाणपण भरती-ओहोटीत आहे. सेतोच्या समुद्रात भरतीचं पाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आत शिरतं, आणि दोन्ही प्रवाह तोमोच्या समोर येऊन भिडतात. ओहोटीला ते पुन्हा दोन्हीकडे ओसरतात. शिडाची जहाजं भरतीबरोबर इथवर यायची, वाट बघत थांबायची आणि ओहोटीबरोबर पुढं निघायची. वाट बघणारी माणसं असली की खानावळी, गोदामं, देवळं, मद्याच्या पेढ्या सगळं आलंच. इंजिनाची जहाजं आली आणि थांबायचं कारण संपलं. गाव होतं तसं राहिलं. १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ अजून धक्क्यावर उभा आहे, पाणी कितीही चढलं-उतरलं तरी माल उतरवता यावा म्हणून बांधलेल्या दगडी पायऱ्याही आहेत. मध्यंतरी बंदरात भराव घालून पूल काढायचा बेत होता. रहिवासी कोर्टात गेले आणि २००९ साली हिरोशिमाच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसाल तेव्हा समोर मोटारी दिसणार नाहीत, त्याचं कारण हे.

तोमोही दिवसा अगदी रिकामं नसतं, हे कबूल. पण साडेपाचनंतर असतं. आणि पलंग असलेली हॉटेलं आहेत, हा सासूबाईंच्या दृष्टीनं मोठा मुद्दा. बेटांवरच्या मिन्शुकूत झोपायचं जमिनीवर फुतोन म्हणजे गादी घालून आणि जेवायचं बुटक्या मेजापुढं मांडी घालून. सकाळी जमिनीवरून उठताना गुडघ्यांची जी अवस्था होते ती एका रात्रीपुरती ठीक, तीन रात्री नको. आरक्षण करताना ‘इसु आरिमासु का’ असं विचारा, म्हणजे खुर्ची आहे का. बहुतेकांकडे कुठून तरी एखादी निघते.

बेटावरची एक रात्र मात्र सोडू नका, आणि ती शिराइशीजिमावर काढा. फुकुयामाहून साध्या गाडीनं पंधरा मिनिटांवर कासाओका, तिथल्या स्टेशनापासून धक्का पायी जाण्याएवढा जवळ. बोट छोटी, गावातल्या माणसांची: शाळेची मुलं, दवाखान्यातून परतणाऱ्या आजीबाई, खोक्यांतून भाजी. अर्ध्या तासाच्या आसपास पोचता. एक वाळूचा किनारा, एक देऊळ आणि मागं टेकड्यांवरून जाणारी पायवाट. यजमानांना घेऊन तुम्ही टेकडीवर जा, सासूबाईंना किनाऱ्यावर बसू द्या. कुणी ना कुणी त्यांच्याशी बोलायला येईल, भाषा येवो न येवो. ऑगस्टमध्ये इथं जो शिराइशी ओदोरी नाच होतो तो ११८३ सालच्या लढाईतल्या मृतांसाठी सुरू झाला असं गाव मानतं. युनेस्कोनं २०२२ साली जपानच्या फुर्यू-ओदोरी या लोकनृत्यांची नोंद केली, त्यात हाही आहे. तुम्हाला तो दिसणार नाही, पण मालकिणीला विचारा. हात कसे हलवायचे ते ती जेवणघरातच करून दाखवते, माझा अनुभव आहे.

त्याच बोटीच्या वाटेवर पुढं कितागीजिमा लागतं, ग्रॅनाइटच्या खाणींचं, आणि शेवटी मानाबेशिमा, कोळ्यांचं. मानाबेशिमा मला स्वतःला जास्त आवडतं: गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला टेकायचं. पण ते लांब आहे, वेगवान बोटीनं पाऊण तास आणि साध्या बोटीनं सत्तरेक मिनिटं, आणि चढ-उतार आहेत. शिराइशीवरून दिवसा तुम्ही दोघं जाऊन या.

आता जेवण. तुमच्यासाठी हा भाग स्वर्ग आहे. मे महिन्यात इथं सावारा पकडतात, आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ. त्याचं चिन्हच ‘मासा’ आणि ‘वसंत’ जोडून लिहितात. ओकायामाकडे तो कच्चा खातात, वरून जराशी आंच दिलेला. सुरमईची तुकडी फक्त तव्यावरच शोभते अशी तुमची समजूत असेल तर एकदा बघाच. मामाकारी म्हणजे तारलीच्या कुळातला बोटभर मासा, व्हिनेगरात मुरवलेला. नावाचा अर्थ ‘भात उसना आणणं’: इतका चवदार की घरातला भात संपतो आणि शेजारी भांडं घेऊन जावं लागतं.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. जपानमध्ये शाकाहार म्हणजे ताटात माशाचा तुकडा दिसला नाही, एवढीच बहुतेकांची समजूत. खरी गोम दाशीत आहे, म्हणजे प्रत्येक भाजी-आमटीचा पाया असलेल्या अर्कात. सेतोच्या काठी घरोघरी तो इरिकोचा करतात, इरिको म्हणजे उकडून सुकवलेले बारीक मासे. साताऱ्याहून आलेल्या एका काकूंसाठी मी एकदा मिन्शुकूच्या आजींना ‘फक्त भाज्या’ असं सांगून ठेवलं होतं. आजींनी दोन दिवस जीव ओतला: कोवळ्या बांबूचे कोंब, वाकामे ही समुद्री वनस्पती, पिठात बुडवून तळलेला तेम्पुरा, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोची आमटी. काकूंनी पहिला घास घेतला आणि चेहरा बघून मला कळलं. आजी मला आत घेऊन गेल्या आणि प्रामाणिकपणे इरिकोचा डबा उघडून म्हणाल्या, ‘हा मासा नाही, ही तर दाशी.’ त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. त्या रात्री काकूंनी भात, मुळ्याचं लोणचं आणि मीठ खाल्लं.

म्हणून आता मी तीन गोष्टी करते. एक, कागदावर जपानीत लिहून देते आणि तोंडानंही सांगते: ‘निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु.’ मांस, मासे, अंडं खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. कोंबूची म्हणजे समुद्री वनस्पतीची दाशी चालते हेही पुढं जोडायचं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला वाट सापडते. दोन, शाकाहारी माणसासाठी ‘सुदोमारी’ म्हणजे नुसता मुक्काम मागते आणि बाकीच्यांसाठी ‘इप्पाकु निशोकु’, एक रात्र आणि दोन जेवणं. पण एका खोलीत असा भेद करायचा तर आधी विचारावं लागतं. काहींना चालतं, काहींना तो अपमान वाटतो. तीन, मेतकूट. गरम जपानी भात, मेतकूट आणि सोबत आणलेलं कोरडं लोणचं यावर मी तीन-चार दिवस काढलेली माणसं पाहिलीत, आणि तक्रार ऐकली नाही. भाजलेली पिठं, चिवडा, खाकरे आणा. ताजी फळं आणि कढीपत्ता आणू नका, विमानतळावरच्या वनस्पती तपासणीत काढून घेतात.

मिन्शुकूच्या रीतींबद्दल एवढंच: जेवण सहाला म्हणजे सहाला, आणि आयत्या वेळी रद्द करू नका. बेटावर तुमच्या तिघांसाठी मासे सकाळीच घेतलेले असतात. हॉटेलात रद्द करणं आणि इथं रद्द करणं यात फार फरक आहे. बऱ्याच मिन्शुकूंचं आरक्षण आजही फोनवरच होतं. तुम्ही क्योतोला ज्या हॉटेलात असाल तिथल्या स्वागतकक्षाला फोन लावायला सांगा, किंवा गावच्या पर्यटन संघाला, म्हणजे ‘कान्को क्योकाई’ला आधीच पत्र लिहा.

रोख येन सोबत ठेवा. बेटावर पैसे काढायचं यंत्र असलंच तर टपाल कचेरीत, आणि शनिवार-रविवारी त्याचा भरवसा नाही. मोठ्या बॅगा बोटीवर नेऊ नका; क्योतोहून ताक्क्युबिननं, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरनं, थेट पुढच्या शहरातल्या हॉटेलात पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. सासूबाईंचा हात धरायला तुमचा एक हात मोकळा हवा.

आओशिमाबद्दल. मांजरं गोड आहेत, पण तिथं मुक्कामाची सोय नाही, दुकान नाही, चहासुद्धा मिळत नाही. राहतात ती मोजकी म्हातारी माणसं, आणि त्यांच्या दारासमोर दिवसभर कॅमेरे. मी कुणाला नेत नाही. मांजरंच बघायची असतील तर मानाबेशिमावर आहेत भरपूर, आणि तिथं निदान बाकीचं गावही आहे. इनेमध्येही लक्षात ठेवा की प्रत्येक फुनाया कुणाचं तरी घर आहे. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकवायचं नाही.

तर तारखा पुढं ढकलता आल्या तर चार रात्री अशा: दोन तोमोत, एक शिराइशीजिमावर, चौथी ओकायामात. धुक्यानं अर्धा दिवस खाल्ला तरी चौथ्या रात्रीमुळं काही बिघडत नाही. ओकायामात सकाळी सासूबाईंना कोराकुएन बागेत न्या. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं आहे. त्या तिथं गेल्या असतील तर पूल आणि पाणी लगेच ओळखतील. तारखा बदलता येत नसतील तर ५ मेची रात्र तोमोत, ६ची शिराइशीवर आणि ७ची ओसाकात. माझं हे गणित तुमचं विमान ओसाकाहून आहे असं धरून आहे. टोकियोहून असेल तर ५ मेला दुपारऐवजी सकाळीच निघा, बेटाची रात्र त्याच दिवशी घ्या आणि तोमोची ६ला. मग ७ तारखेला सकाळीच फुकुयामाहून शिंकानसेन पकडून टोकियो गाठा आणि ती रात्र तिथं काढा.

एक मात्र कळवा: सासूबाई न थांबता किती पायऱ्या चढतात? शिराइशीवरच्या काही मिन्शुकूंमध्ये पाहुण्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात आणि जिने उभे. तळमजल्याची खोली मागायची तर फोन या आठवड्यातच करायला हवा.